पोर्ट ९३८९ उघडून घेण्याची कटकट : माझा अनुभव

"पिंग येतोय म्हणजे सर्व्हर चालू आहे" हे वाक्य मला यापुढे कुणी ऐकवू नये. पिंग म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून 'ओ' येते का ते पाहणं; पोर्ट म्हणजे त्याच सर्व्हरवरचं एकेका सेवेचं क्रमांक दिलेलं दार.

आमच्या पतसंस्थेचा डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) मुख्य कार्यालयातून नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये हलवला. मी सांगलीत. शाखांमधल्या लोकांची खाती उघडणं-बंद करणं, बदली झाली की ग्रुप बदलणं, हे सगळं आता व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतून. हलवाहलव सुरळीत झाली. लॅपटॉपवर 'युझर्स अँड कॉम्प्युटर्स' हा खाती सांभाळायचा कन्सोल उघडला, सगळे ओयू (खात्यांचे विभाग) दिसले, एक खातं डिसेबल करून पुन्हा सुरू करून पाहिलं. झालं काम, असंच सगळ्यांना वाटलं.

महिनाअखेरीला बदल्यांची यादी आली. एवढी नावं हातानं कोण बदलणार, म्हणून पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनातली नेहमीची स्क्रिप्ट चालवली. खात्याची माहिती मागणाऱ्या पहिल्याच 'गेट-एडीयुझर' कमांडला लाल अक्षरं : सर्व्हरशी संपर्क होत नाही, कदाचित सर्व्हर अस्तित्वात नसेल, बंद असेल किंवा त्यावर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वेब सर्व्हिसेस चालू नसतील. शेजारच्याच खिडकीत तोच सर्व्हर कन्सोलमध्ये धडधडीत उघडा!

गोम अशी आहे. तो जुना कन्सोल एलडॅपनं (डिरेक्टरीतली माहिती विचारायची भाषा) थेट ३८९ पोर्टवर बोलतो. पॉवरशेलचं एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे खात्यांची नोंदवही) मोड्यूल आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर' हा नवा कन्सोल मात्र वेब सर्व्हिसेसमार्फत जातात. ही सेवा विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आली आणि तिचं पोर्ट ९३८९. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर सेवा चालू होती, तिथे बसून तीच कमांड बिनतक्रार उत्तर देत होती, विंडोज फायरवॉलचा नियमही जागेवर होता. सांगलीहून 'टेस्ट-नेटकनेक्शन' (पोर्टपर्यंत पोचता येतं का ते तपासणारी कमांड) केलं : ३८९ ला ट्रू, ९३८९ ला फॉल्स. म्हणजे अडथळा मधल्या फायरवॉलवर, आणि ती डेटा सेंटरवाल्यांच्या ताब्यात.

त्यांच्याकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं. उत्तर आलं, "पिंग ओके, ३८९ ओपन," आणि तिकीट बंद. वाड्याच्या दिंडीची कडी वाजली म्हणून माजघराचं दार उघडं असतं का? पुन्हा उघडलं, तर विचारणा झाली की ९३८९ ही टायपिंगची चूक आहे का. नाही म्हटल्यावर एररचा स्क्रीनशॉट मागवला. तो दिला आणि तिथेच घोळ वाढला, कारण त्या संदेशात "सर्व्हिसेस चालू नसतील" असं लिहिलेलंच असतं. त्यांनी तेवढंच वाक्य उचललं : "सर, सर्व्हिस आपल्या सर्व्हरवर आहे, ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आमच्या कक्षेत येत नाही." तिकीट पुन्हा बंद. मायक्रोसॉफ्टनं त्या संदेशात "किंवा मधलं पोर्ट बंद असेल" एवढे चार शब्द घातले असते, तर माझं रक्त कमी आटलं असतं.

म्हणून सांगतो, स्क्रीनशॉट देऊ नका, पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून गेल्या-आल्या पॅकेटांची नोंद, द्या. लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर एकाच वेळी वायरशार्क (ही नोंद करणारा प्रोग्रॅम) लावला, दोन्हीकडे ९३८९ चा फिल्टर. इकडून सिन पॅकेट (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) निघतंय, उत्तर नाही म्हणून पुन्हा निघतंय. तिकडे एकही पोचत नाही. दोन्ही फाइली जोडल्या. आता तिकीट वरच्या इंजिनियरकडे गेलं. तो म्हणाला, आमच्या लॉगमध्ये ड्रॉप दिसतच नाही. दिसणार कसा? बऱ्याच फायरवॉलवर कुठल्याच नियमात न बसलेलं पॅकेट शेवटी टाकून दिलं जातं, आणि त्या शेवटच्या नकाराचं लॉगिंग बंद असतं. ते सुरू करायला लावलं, त्याला फोनवर धरून ठेवलं आणि इकडून कमांड मारली. पलीकडे जरा वेळ शांतता, मग "हां सर, दिख रहा है." नियम टाकणं काही मिनिटांचं काम; पण बदलाला मंजुरी, मंजुरीसाठी बैठक आणि बैठकीसाठी ठरलेला वार असतो. त्यात पुन्हा वेळ गेला. तोवर बदल्यांचं काम मी हातानं ओढलं. नियम लागल्यावर तीच स्क्रिप्ट सरसर धावली, तेव्हा केबिनमध्ये एकटाच हसलो.

रिमोट डेस्कटॉप होताच, मग एवढा हट्ट कशाला, असं आमच्या व्यवस्थापकांनी विचारलं. रोजच्या किरकोळ कामासाठी डोमेन कंट्रोलरवर लॉगिन करायचं नाही, या मताचा मी आहे. शिवाय तिथे प्रशासकांची दोनच सेशन एका वेळी चालतात.

पोर्ट एकेक करून मागू नका, एकाच पत्रात सगळी यादी द्या : ५३, ८८, १३५, ३८९, ४४५, ४६४, ६३६, ३२६८, ९३८९. फक्त व्हीपीएनच्या आयपी पट्ट्यातूनच उघडा, हेही लिहा, म्हणजे सुरक्षावाले लवकर मान डोलावतात. पुढे सर्व्हरचे लॉग दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर दुरून जोडताना एरर १७२२, म्हणजे 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल', येईल. त्याला ४९१५२ ते ६५५३५ हा पोर्टांचा अख्खा पट्टा लागतो आणि तो कुणी सुखासुखी देत नाही. मी तो नाद सोडला. त्याऐवजी विनआरएमचं (दुरून कमांड चालवायची विंडोजची सोय) पोर्ट ५९८५ मागितलं आणि त्या सेशनमध्येच लॉग वाचतो.

सर्व्हरला नावानं हाक मारा, आयपीनं नको. आयपी दिला की केर्बेरॉस (डोमेनमधली ओळख पटवायची पद्धत) सहसा बाजूला राहतं आणि विनआरएम विश्वासू यजमानांची यादी मागत बसतं. नाव सापडत नसेल तर व्हीपीएन जोडल्यावर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) घरच्या राउटरचा तर लागत नाही ना, ते बघा. लॅपटॉपचं घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं तरी केर्बेरॉस दार लावतं.

आणि आरसॅटचं, म्हणजे हे कन्सोल आणि एडी मोड्यूल लॅपटॉपवर आणणाऱ्या साधनसंचाचं, सांगायचं राहिलंच. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ते 'ऑप्शनल फीचर्स'मधून घ्यायचं असतं. कार्यालयात डब्ल्यूसस (विंडोजचे अपडेट वाटणारा कार्यालयाचा स्वतःचा सर्व्हर) असेल तर ०एक्स८००एफ०९५४ ही एरर येऊ शकते. ग्रुप पॉलिसीत, सिस्टिमखाली, ऐच्छिक घटकांच्या इन्स्टॉलेशनची एक सेटिंग आहे. ती सुरू करून, डब्ल्यूससऐवजी थेट विंडोज अपडेटवरून घेण्याच्या पर्यायावर टिक करा, नवी पॉलिसी लगेच लागू व्हावी म्हणून 'जीपीअपडेट' कमांड मारा आणि मग पुन्हा इन्स्टॉल करा.