तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला कंपनीची कोरी बॉडी मिळते का?

"मिस्त्री, एवढं कापत-जोडत बसण्यापेक्षा कंपनीची कोरी बॉडीच मागवू या ना. मिळते म्हणे बाहेर. कुठे शोधायची?"

रत्नागिरीत पत्र्याचं काम करणाऱ्याला हा प्रश्न पावसाळा सरला की हमखास येतो. चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर निघते आणि धुताना दाराखालचा पत्रा बोटाने दाबला की आत जातो. विचारणाऱ्यांत निवृत्तीनंतर मुंबई सोडून गावी आलेले, सोबत आयुष्यभर जपलेली एमजी किंवा ट्रायम्फ अशी जुनी इंग्लिश गाडी घेऊन आलेले असतात. वडिलांची पद्मिनी काही झालं तरी विकायची नाही म्हणणारे त्याहून जास्त. फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

मिळते, पण फार थोड्या गाड्यांची. कुठल्या गाडीची मिळेल हे ती किती नावाजलेली आहे यावर नाही ठरत, तिचे साचे उरलेत का यावर ठरतं. सपाट पत्र्याला मडगार्डचा बाक देणारे लोखंडी डाय, आणि ते दाबलेले तुकडे जागच्या जागी धरून वेल्डिंग करायचे जिग. गाडी बंद झाली की कारखान्याला ही धुडं जड होतात. जागा अडवतात, भंगारात चांगला भाव मिळतो. पेणला गणपतीच्या कारखान्यात साचा हरवला तर तीच मूर्ती पुढच्या वर्षी निघत नाही, तसंच इथे. म्हणून मी सांगतो, बॉडी शोधू नका, तिचे डाय कुणाकडे आहेत ते शोधा. ते कळलं की बॉडी कुठे मिळेल ते आपोआप कळतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एमजीबी, एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार. ही गाडी १९६२ साली आली. तिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चेसी होती, वर बॉडी बसवलेली. एमजीबी मोनोकॉक. म्हणजे बॉडी हीच चेसी, सगळा भार पत्र्याच्या पेट्यांवर. त्यातही वर टप नसलेल्या गाडीत दाराखालच्या दोन्ही बाजूंच्या सिलवर सगळं येतं. ही सिल बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत पत्र्याचे आणखी थर आहेत आणि खालून एक लांब बॉक्स जातो, त्याला तिकडचे लोक कॅसल रेल म्हणतात. खारं पाणी या थरांच्या मधे शिरलं की बाहेर पडायला वाटच नाही. बाहेरचा पत्रा रंगाने चकचकीत, आतला पापुद्र्यांसारखा सुटत असतो.

मी तपासतो तेव्हा आधी रंग बघतच नाही. चुंबक घेतो आणि सिलच्या खालच्या कडेने फिरवतो. पुट्टी असेल तिथे चुंबक धरत नाही, हातातून सुटतो. मग गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बॉक्सवर टकटक करत जायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भद्द वाजतो. शेवटी दार अर्धवट उघडून हळूच लावून बघायचं. दार वर उचलून लावावं लागत असेल तर गाडी मधे खचलेली आहे. अशी गाडी नुसती जॅकवर घेऊन सिल कापायला बसलात तर ती आणखी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाके मारून बसवायचे, गाडी सरळ आहे हे मापून घ्यायचं, मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. एवढं सगळं दोन्ही बाजूंनी, शिवाय फ्लोर, शिवाय पुढच्या मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलामागचा पत्रा. हे करून झाल्यावर मालकाला वाटणारच की कोरी बॉडी आणली असती तर बरं.

इंग्लंडमधल्या लोकांना हेच वाटत होतं. ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना १९८० साली बंद झाला. तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी निघाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच तिथल्या मिठाच्या रस्त्यांवर सडत होत्या. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे आपल्यासारखाच प्रकार. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेत डेव्हिड बिशप नावाचे गृहस्थ होते. त्यांनी जुन्या डायचा माग काढला, जे हाती लागलं ते दुरुस्त करून घेतलं आणि १९८८ साली एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बाजारात आणली. पुढे मिजेट, ट्रायम्फ टीआर६ आणि मिनी यांच्याही बॉड्या तिथे तयार झाल्या. गंमत बघा, १९९२ साली रोव्हरने आरव्ही८ ही नवी एमजी काढली ती याच बॉडीच्या आधारावर. जवळपास दोन हजार गाड्या निघाल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. बंद पडलेल्या गाडीचे डाय जपले म्हणून एक नवी गाडी जन्माला आली. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. पत्र्याचं काम करणाऱ्याला कळतं की डाय हुडकून पुन्हा प्रेसवर चढवणं म्हणजे काय खटाटोप असतो.

तेव्हा एमजीबी, मिजेट, मिनी असेल तर शोधाची सुरुवात ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीला करा, ही संस्था तिथे आहे. मागवताना नुसतं "एमजीबी" म्हणून चालत नाही, साल सांगावं लागतं. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली तेव्हा गिअरबॉक्सवरचा बोगदा रुंद झाला. १९७४ साली रबरी बंपर आले आणि गाडी वर उचलली गेली, तेव्हा पुढचा आतला पत्राही बदलला. जुन्या गाडीचं सामान नव्या बॉडीत बसत नाही म्हणून लोक छिद्रं पाडत बसतात. दोष बॉडीचा नसतो, मागवणाऱ्याने साल बघितलेलं नसतं.

मस्टँगवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेतल्या डायनाकॉर्न कंपनीने फोर्डच्या परवान्याने नव्याने डाय करून साठच्या दशकातल्या मस्टँगच्या बॉड्या काढल्या. १९६९ च्या कॅमॅरोच्या काढल्या जनरल मोटर्सच्या परवान्याने. म्हणजे बॉडी कोरी, कंपनीची मान्यता असलेली, पण साचा मूळ कारखान्याचा नाही. माझ्या मते चालवायच्या गाडीला ती उत्तम आहे. मूळ साच्याचीच हवी असा आग्रह ज्यांचा आहे त्यांनी मात्र विकत घेण्याआधी हा फरक विचारून घ्यावा.

आणि कधीतरी कारखान्याच्या गोदामातच एखादी राहून गेलेली सापडते. पोर्शकडे त्यांच्या ९११ गाडीच्या ९९३ या जुन्या मॉडेलची अशी एक कोरी बॉडी उरली होती. २०१८ साली, ते मॉडेल बंद होऊन वीस वर्षं झाल्यावर, त्यांनी तिच्यावर अख्खी ९११ टर्बो बांधली, सोनेरी रंग दिला आणि लिलावात काढली. सत्तावीस लाख युरोंच्या वर गेली. पण ती गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, फक्त ट्रॅकवर. पोर्शने बांधलेली पोर्श, पोर्शच्याच बॉडीवर, तरी कागदोपत्री ती २०१८ सालची नवी गाडी आणि आजच्या नियमांत बसत नाही.

नेमका इथेच आपल्याकडच्या मालकांचा घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोनोकॉक गाडीत चेसी नंबर बॉडीवरच असतो. आरटीओत कागद करताना त्याची पेन्सिलने छाप घेतात, ती तुम्ही पाहिली असेल. कोऱ्या बॉडीवर नंबर नसतो. मग "जुन्या बॉडीवरचा नंबराचा तुकडा कापून नवीवर वेल्ड करा, कुणाला कळतंय" असं सुचवणारे भेटतात. हे काम मी करत नाही आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. चोरीच्या गाड्या अशाच धुतल्या जातात, आणि तुमची प्रामाणिक गाडी त्यांच्या पंगतीत जाऊन बसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे कलम कडकपणेच वाचलं. त्यात २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, आणि चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी.

इंग्लंडमध्ये यावर कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती. जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत, त्यातले पाच मूळ किंवा थेट उत्पादकाकडून आणलेल्या कोऱ्या बॉडीला. म्हणजे जशीच्या तशी कोरी बॉडी घातली तर गाडीची ओळख पुसली जात नाही हे तिथे मान्य होतं. आपल्याकडेही तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं असं माझं ठाम मत आहे. जशी होती तशीच बॉडी परत बसवली तर तो फेरफार कसा? पण आज निर्णय नोंदणी अधिकाऱ्याचा. म्हणून बॉडीची ऑर्डर देण्याआधी आरटीओला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि जुनी बॉडी नंबरासकट घरी ठेवा. ती भंगारात घातलीत तर ही माझीच गाडी हे दाखवायला काही उरत नाही.

आयातीबद्दल एवढंच की गाडीची बॉडी कस्टमच्या ८७०७ या शीर्षकाखाली येते. न्हावा शेव्यापर्यंतचं सगळं क्लिअरिंग एजंटवर सोडा.

बॉडी गावी पोचली की खरी घाई करायची. ती प्रायमरमध्ये येते आणि लोकांना वाटतं आता निवांत. कोकणात प्रायमरवर पाऊस काढायचा नाही. जूनच्या आत रंग होणार नसेल तर बॉडी मागवूच नका, दिवाळीनंतर मागवा. रंगाआधी प्रत्येक जोडावर सीलर, आणि रंगानंतर सिल, बॉक्स, दारं यांच्या पोटात नळीने मेण फवारायचं. पाणी बाहेर पडायची छिद्रं मोकळी आहेत ना ते तारेने बघायचं. मिरकरवाड्यातून निघालेल्या मासळीच्या गाड्यांचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं, त्यावरून गाडी गेली की घरी येऊन खालून गोड्या पाण्याने धुवायची. एवढं केलं नाही तर विटनीची बॉडीही त्याच वाटेने जाईल.

आता ज्यांचे साचे नाहीत त्यांचं काय. स्टँडर्ड हेराल्डवाले त्यातल्या त्यात नशीबवान. मद्रासला बनलेली ही गाडी मूळ ट्रायम्फची, आणि ट्रायम्फला अख्खी बॉडी दाबून देणारा कारखाना त्यांच्या स्पर्धकाने विकत घेतला होता. म्हणून ट्रायम्फने वेगळी चेसी ठेवली आणि बॉडी बोल्टांनी जोडायच्या तुकड्यांत केली. स्पिटफायर ही स्पोर्ट्स कारही त्याच चेसीवर, थोडी आखूड केलेली. त्या वेळी ती अडचण होती, आज आपल्या पथ्यावर पडते. सडलेला तुकडा सोडवून तेवढाच करता येतो, आणि चेसी नंबरालाही धक्का लागत नाही.

पद्मिनीला ती सोय नाही. ती मोनोकॉक, आणि तिची कोरी अख्खी बॉडी मी आजवर कुणाकडे पाहिलेली नाही. तिच्या मालकांना मी घाटावरची बॉडी शोधायला सांगतो, कागदपत्रं धड असलेली. सोलापूर, नगर, मराठवाडा इकडच्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा बघितला की विश्वास बसत नाही, फ्लोरला कंपनीचा रंग शाबूत असतो. तिचे तुकडे कापून आपल्या गाडीला जोडायचे. आपला नंबर, आपली बॉडी, सडका भाग तेवढा बदललेला.

आणि एक मागणं आहे. चिपळूण, महाड, कणकवलीच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत, बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर कोरे मडगार्ड, दाराचे पत्रे, सिल अजून तेलकट कागदात पडलेले असतात. दुकान आवरताना ते किलोच्या भावाने जातात. तुमच्या माहितीत असे असतील तर भंगारवाल्याआधी आमच्यापैकी कुणाला तरी कळवा. विकायचे नसले तरी चालेल, माप घेऊ द्या. एका कोऱ्या मडगार्डवरून लाकडी साचा करता येतो, त्यावर पत्रा ठोकून दुसरं मडगार्ड निघतं, आणि पद्मिनीवाल्यांना सध्या तरी तेवढाच आधार आहे.