त्या पेटीतलं एक बोट

मी टूर मॅनेजर आहे, डिसेंबर २०१९ मध्ये कैरोला ग्रुप घेऊन गेले होते, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि फुस्तातच्या म्युझियमला आम्ही अर्धाच तास ठेवला होता कारण पुढे जेवणाचं बुकिंग होतं. पण तिथे ती सोन्याने मढवलेली शवपेटी होती. नेजेमांख नावाच्या पुजाऱ्याची, इ.स.पू. पहिल्या शतकातली, सप्टेंबरमध्येच न्यूयॉर्कने परत दिलेली.

आमची लोकल गाईड इजिप्तमधल्याच मिन्या प्रांतातली. एरवी पाठ केल्यासारखी बोलायची, त्या काचेपुढे मात्र तिचा आवाजच बदलला. म्हणाली, २०११ ला देशात गोंधळ चालू होता ना, तेव्हा आमच्याच भागातून ही चोरून नेली. मग यूएई, जर्मनी करत पॅरिसच्या डीलरकडे, आणि २०१७ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने ३५ लाख युरो मोजून घेतली, कारण सोबत कागद होता, १९७१ चं इजिप्तचं एक्स्पोर्ट लायसन्स.

ग्रुपमधले एक काका तहसील कचेरीतून रिटायर झालेले, ते लगेच म्हणाले, "शिक्का बघितला का कुणी?"

मी इंग्रजीत सांगितलं तर गाईड त्यांच्याकडे बघतच राहिली, कारण नेमकं तेच! लायसन्सवर तारीख मे १९७१ ची आणि शिक्का अरब रिपब्लिक ऑफ इजिप्तचा, पण देशाचं हे नाव पडलं त्या सप्टेंबरमध्ये, तोवर तो युनायटेड अरब रिपब्लिक होता. काका म्हणाले, "बोगस उतारे आम्ही असेच पकडायचो, तालुका झालाच नव्हता तेव्हाच्या तारखेवर त्या तालुक्याचा शिक्का." इतकी साधी गोष्ट, आणि एवढ्या मोठ्या म्युझियमला दिसली नाही याचा मला आजही राग येतो.

गाईड मग झाकणाबद्दल सांगत होती, पुजाऱ्याचा चेहरा सुरक्षित राहावा म्हणून आतून चांदीचा पत्रा लावलाय वगैरे, तेवढ्यात मागून एका काकूंनी विचारलं, "अगं, पण तो कुठंय? पुजारी?"

चोरांनी ममी काढून फेकून दिली होती. फक्त एका बोटाचं हाड आत राहिलं होतं.

मी हे मराठीत सांगितलं आणि कुणी काही बोललंच नाही. काकू हळूच म्हणाल्या, "अस्थीच की गं त्या," आणि चपला काढून काचेपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, मग बाकीच्यांनीपण काढल्या. हॉटेलचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही.