तुम्ही विचारलंत म्हणून : कोणाचं पान राहतं, कोणाचं जातं

“त्याचं पान आहे, मग याचं का उडवलंत?” आणि पाठोपाठ, “हे ठरवणारे तुम्ही कोण?”

इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या खेळाडूंचे लेख ठेवायचे की वगळायचे, या चर्चांमध्ये मी बरीच वर्षं भाग घेतोय. हा फुटबॉल आपल्या कोल्हापूरचा नव्हे. हेल्मेट आणि लंबगोल चेंडूचा, विद्यापीठांच्या संघांमधला. चाहते विचारतात, खेळाडूंचे नातेवाईक विचारतात, अमेरिकेत स्थायिक झालेले आपले लोकही विचारतात, कारण मुलं ज्या विद्यापीठात शिकतात तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, त्यांना घरचाच वाटायला लागतो. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन थकलो. आता एकदा सगळं लिहितो.

दुसरा प्रश्न आधी, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. मी कोणी नाही. लेख वगळण्याचा प्रस्ताव कोणीही सदस्य मांडू शकतो. चर्चा किमान ७ दिवस चालते आणि शेवटी प्रचालक किंवा एखादा अनुभवी सदस्य सहमती कशावर झाली ते वाचून निर्णय नोंदवतो. डोकी मोजत नाहीत. ‘जबरदस्त खेळाडू आहे, ठेवा’ असं चाळीस जणांनी लिहिलं आणि दोघांनी एकेक संदर्भ उघडून त्यात काहीच नाही हे दाखवलं, तर त्या दोघांचं पारडं जड ठरू शकतं. यावरून मला सर्वांत जास्त बोलणी बसतात. बसू देत. चाळीस मतं म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत.

आता पहिला प्रश्न. सर्वोच्च पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२४ साली १३४ संघ होते आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या. गुणाकार ११,३९० होतो. यात शिष्यवृत्तीशिवाय खेळणारे नाहीत, खालच्या पातळ्यांवरची कॉलेजं नाहीत, आणि दरवर्षी नवी भरती असतेच. चाळणी लावावीच लागते. ती चाळणी खेळाच्या दर्जाची आहे असं लोक धरून चालतात, आणि सगळा गैरसमज तिथून सुरू होतो.

मार्गदर्शक सूचना थोडक्यात अशी आहे: राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार किंवा मोठा विक्रम, किंवा कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश, किंवा केवळ नामांकित संघातला एक म्हणून नाही तर व्यक्ती म्हणून देशभरातल्या माध्यमांनी घेतलेली दखल. या तिन्ही गोष्टी खुणा आहेत. मूळ अट एकच: त्या माणसाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह लोकांनी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे. शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला १९३५ साली पहिली हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या फेऱ्यांत, त्याला सर्वांत आधी निवडलं आणि तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याच्या लेखाला कोण हात लावेल? नोटर डेम विद्यापीठाचा रूडी रुएटिगर तर १९७५ साली शेवटच्या घरच्या सामन्यात जेमतेम तीन प्ले, म्हणजे काही सेकंदांचे तीन डाव, खेळला. त्याच्यावर पुढे सिनेमा निघाला, खंडीभर लिहिलं गेलं. आकड्यांवर गेलो तर तो कुठेच बसत नाही, तरी त्याचं पान राहतं. मापाची पट्टी त्याच्याबद्दल लिहिलेल्या मजकुरावर ठेवली जाते.

तो मजकूर तपासतात कसा? मी बातमी समोर घेतो आणि चार गोष्टी खोडतो. आकडे खोडायचे (‘१४ झेल, २१० यार्ड’). खेळाडूची स्वतःची वाक्यं खोडायची, कारण माणूस स्वतःबद्दल बोलतो ते स्वतंत्र नसतं. प्रशिक्षकाची वाक्यंही त्याच कारणाने. मग विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या पत्रकातून जसाच्या तसा उचललेला मजकूर खोडायचा. तो ओळखायला पत्रक शेजारच्या खिडकीत उघडावं लागतं. उरतं काय? पुष्कळदा तीन ओळी उरतात. बातमीदाराने स्वतः पाहून, विचारून, तुलना करून लिहिलेले दोन-तीन परिच्छेद उरले, तर तो संदर्भ धरायचा. नियमात शब्दसंख्या कुठेही नाही, त्यामुळे इथे मतभेद होतात आणि ते प्रामाणिक असतात. असे निदान दोन-तीन संदर्भ वेगवेगळ्या ठिकाणचे हवेत. वृत्तसंस्थेची एकच बातमी साठ पेपरांत छापून आली तरी संदर्भ एकच.

कशाने काम होत नाही तेही सांगतो, कारण रोज हेच पुढे केलं जातं. शाळेतून निघताना खेळाडूंची प्रतवारी लावणाऱ्यांनी दिलेले चार-पाच तारे. ‘या विद्यापीठातून त्या विद्यापीठात गेला’ एवढीच बातमी. आठवड्याचा सर्वोत्तम खेळाडू. आणि पुरस्कारांच्या ‘वॉच लिस्ट’: हंगाम सुरू व्हायच्या आधी काढलेल्या, डझनावारी नावांच्या याद्या. यादीत नाव येणं म्हणजे पुरस्कार नव्हे, हे मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्यातच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि बातमीचं रूप घेतलेल्या जाहिराती वाढल्या. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

पान वगळायचं म्हणजे नेहमी पुसायचं असंही नाही. बहुतेक वेळा मी संघाच्या त्या हंगामाच्या लेखाकडे पुनर्निर्देशन सुचवतो, म्हणजे खेळाडूचं नाव उघडलं की वाचक थेट त्या लेखावर पोचतो. जुना मजकूर इतिहासात शाबूत राहतो आणि उद्या संदर्भ मिळाले तर पान पुन्हा उभं करता येतं. पण आता मुलं चार वर्षांत तीन विद्यापीठं बदलतात. पुनर्निर्देशन कुठे द्यायचं यावरच वाद अडतो आणि शेवटी वैतागून लोक ‘वगळा’ म्हणतात. हे चूक आहे, पण होतं.

अन्याय होतो का? होतो. क्वार्टरबॅकबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात. प्रतिस्पर्ध्यांना अडवून वाट मोकळी करणाऱ्या गार्डच्या नावावर आकडेच नसतात. त्याने काम चोख केलं तर चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव छापून येतं. लाँग स्नॅपरचं, म्हणजे किकच्या वेळी पायांमधून चेंडू मागे फेकणाऱ्याचं, नाव लोकांना कळतं ते त्याचा चेंडू चुकीचा गेला तर. त्यांच्यासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ साली सुरू झाला. तोवर त्यांच्यासाठी पुरस्काराचं वेगळं दारच नव्हतं. हे मला ठाऊक आहे आणि तरीही मी संदर्भ मागतो.

ज्या एका चर्चेबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारतात, ती आता सांगतो.

लेख तीन ओळींचा होता. १९५० च्या दशकातला, दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय कॉलेजचा गार्ड. गाव, खेळण्याची जागा, आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये फार खालच्या फेरीत झालेली निवड. (तेव्हा ड्राफ्ट ३० फेऱ्यांचा असे, आता ७ फेऱ्यांचा असतो.) व्यावसायिक सामना एकही नाही. संदर्भ दोन: आकडेवारीची एक साइट आणि कॉलेजचं स्वतःचं पान. पहिला सविस्तर नाही, दुसरा स्वतंत्र नाही. प्रस्ताव आला तेव्हा वृत्तपत्रांच्या दोन ऑनलाइन संग्रहांत मी त्याचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. मिळालं ते संघाच्या यादीतलं नाव आणि धावफलक. वीस-पंचवीस मिनिटं दिली असतील. ‘वगळा, शोध घेतला, सविस्तर काही नाही’ असं लिहिलं. एक आठवडा, मग मुदतवाढ, मग आणखी एक आठवडा. चार जणांनी मत दिलं, चौघांनीही वगळा म्हटलं. पान गेलं.

वर्षभराने दुसऱ्याच एका खेळाडूसाठी एका कृष्णवर्णीय साप्ताहिकाचे अंक चाळत होतो. मोफत संग्रह, नुसत्या स्कॅन केलेल्या पानांचा. त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, एकेक पान सरकवावं लागतं. नोव्हेंबरच्या एका अंकात क्रीडापानाच्या उजव्या बाजूला अर्धा स्तंभ होता. तोच गार्ड. तो चढाई आणि बचाव अशा दोन्ही बाजूंना कसा खेळायचा, सराव संपल्यावर कुठे काम करायचा, प्रतिस्पर्धी संघांनी त्याला टाळून दुसऱ्या बाजूने खेळ कसा वळवला. चारही गोष्टी खोडून भरपूर उरेल असा मजकूर.

मला तो आधी का सापडला नाही? पहिलं कारण: पेपरात त्याचं नाव टोपणनावाने होतं, आडनावासकट पण पाळण्यातल्या नावाशिवाय. दुसरं, आडनाव स्तंभाच्या कडेला आडव्या रेघेने तुटलं होतं. मग मी शोध घेता येणाऱ्या संग्रहात परत गेलो. तिथे मशीनने ‘आर’ आणि ‘एन’ ही जवळजवळची अक्षरं ‘एम’ अशी वाचली होती. चुकीचं आडनाव मुद्दाम टाकल्यावर पिट्सबर्ग कुरियरमधला एक परिच्छेद मिळाला. हा कृष्णवर्णीयांचा पेपर त्यांच्या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा ‘ऑल-अमेरिकन’ संघ निवडत असे आणि त्यात त्याच्यावर पाच ओळी होत्या. तिसरं कारण मात्र माझं: कुठे शोधायचं हे मला माहीत असायला हवं होतं. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १९६७ साली. त्याआधी दक्षिणेतल्या या मुलांना खेळायला होती ती त्यांची स्वतःची कॉलेजं, आणि त्यांच्याबद्दल लिहायला होते ते कुरियर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन यांसारखे पेपर. मी गोऱ्यांच्या दैनिकांत शोधलं आणि ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढला. प्रस्तावाआधी आणि मत देण्याआधी नीट शोध घ्यावा असं आमच्याकडे लिहून ठेवलेलं आहे. मी शोध घेतला होता. तो नीट नव्हता.

म्हणून जुना नियम बरा होता का? २०२२ पर्यंत एनएफएलचा हंगामातला एक सामना खेळलेला माणूस उल्लेखनीय असेल असं गृहीत धरत. क्रिकेटमध्येही तसंच होतं. रणजीचा एक सामना खेळलेल्याचं दोन ओळींचं पान चालायचं. २०२२ च्या सुरुवातीला मोठ्या चर्चेनंतर निव्वळ सहभागावर आधारलेले निकष काढले, आणि खेळाडूच्या लेखात आकडेवारीच्या कोशांखेरीज सविस्तर माहिती देणारा किमान एक संदर्भ हवाच असं ठरलं. त्या बदलाच्या बाजूने मी जोरात बोललो होतो. ‘खरोखर दखल घेतली गेली असेल तर संदर्भ सापडतोच’ हे माझं वाक्य आजही माझ्या तोंडावर फेकतात. ते वाक्य चूक होतं. संदर्भ असणं आणि तो एखाद्याला घरबसल्या सापडणं यांत पन्नास वर्षांचे न चाळलेले अंक उभे आहेत. १९७० च्या मराठी दैनिकांतल्या रणजी खेळाडूंबद्दल कोणी शोध घेऊन बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

पण जुन्या नियमाने हा गार्ड वाचला नसताच. तो एनएफएलमध्ये खेळलाच नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीत तर, १९३४ ते १९४५ या काळात, एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. एक सामन्याचा नियम म्हणजे त्या लीगने कोणाला दार उघडलं ते आपण जसंच्या तसं उतरवून घेणं. तो मला नको आणि आताचाही पुरत नाही. यापुढे माझं उत्तर जात नाही.

एक मात्र ठामपणे सांगतो, कारण रागावणाऱ्यांत पालक पुष्कळ असतात. पान म्हणजे सत्कार नव्हे. एकोणीस वर्षांच्या किकरची शेवटच्या क्षणी किक चुकली की काही मिनिटांत त्याच्या पानावर शिवीगाळ सुरू होते आणि पानाला टाळं लावावं लागतं. किरकोळ गुन्ह्यात अटक झाली की ती ओळ लेखात घुसवायला दहा जण धावतात. ज्याच्याबद्दल फक्त एका सामन्यापुरतं लिहिलं गेलंय, त्याचं आयुष्यभराचं चरित्र त्या एका किकवर बेतू नये, म्हणून मी अशा पानांना विरोध करतो आणि करत राहीन.

आणि कात्रणं पाठवणाऱ्या कुटुंबीयांनो: वरची पट्टी कापू नका. पेपरचं नाव, तारीख आणि पानाचा आकडा नसेल तर माझ्या हातात नुसता कागद असतो. संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे असं नाही, पण दुसऱ्याला तो ग्रंथालयात जाऊन काढता आला पाहिजे. टोपणनावं कळवा, आडनावाची सगळी स्पेलिंगं कळवा, कोणत्या वर्षी तो जखमी होऊन बसला होता तेही कळवा. नाहीतर मी तो रिकामा हंगाम चाळत बसतो. लेख स्वतः लिहू नका, मसुदा करा आणि तुमचं नातं उघड सांगा.

त्या गार्डचं पान प्रचालकाला विनंती करून मसुद्यात परत आणलंय. अर्धा स्तंभ सगळ्यांनी मान्य केला. कुरियरच्या पाच ओळी सविस्तर धरायच्या की नाही यावर दोघे अजून अडून आहेत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित तेच म्हणालो असतो. सहा महिने कोणी हात लावला नाही तर मसुदाही वगळला जातो. त्याचे तीन हंगाम म्हणजे साप्ताहिकाचे पंचेचाळीसेक अंक. पहिल्या दोन हंगामांचे पाहून झालेत, तिसऱ्याचे सप्टेंबरपासून पुढचे राहिलेत.