लष्करी टूल्स भारी आहेत, पण भोसरीच्या वर्कशॉपमध्ये चालवायची कुणी?

"मिलिटरीनं बनवलंय म्हणजे भारीच असणार" हे वाक्य मी सारखं ऐकतो. भोसरी आणि चाकणमधल्या लहान वर्कशॉप्सचं आयटी बघणं हे माझं काम, त्यातले बरेच जण डिफेन्सला माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे व्हेंडर आहेत, आणि हल्ली वरून सायबर ऑडिटचे फॉर्म यायला लागलेत त्यामुळे प्रत्येक मालकाला एकदम काहीतरी मिलिटरी ग्रेड बसवून हवं असतं. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

टूल्स चांगली आहेत यात वादच नाही. एसईलिनक्सच घ्या, म्हणजे लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवरचं जादा सुरक्षेचं कुलूप. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं ते 2000 साली सोर्स कोडसकट सगळ्यांना खुलं केलं, पुढे ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, गेलं, आणि अँड्रॉइड 5 पासून तर ते सगळ्या प्रोसेसेसवर लागू झालं, म्हणजे तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातही ते बहुतेक चालूच असेल. नुसत्या लिनक्समध्ये एकदा कुणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, झाला की सगळं मशीन त्याचं, इथे मात्र प्रत्येक प्रोग्रामला जेवढं नेमून दिलंय तेवढंच, वेब सर्व्हर हॅक झाला तरी त्याला अकाउंट्सच्या फायलींना हात लावता येत नाही. शत्रू आत शिरलाच आहे असं धरून बनवलेली गोष्ट आहे ही, आणि मला ती मनापासून आवडते.

पण होतं काय बघा. एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग दाखवायला छोटा सर्व्हर आहे, तिथल्या पोरानं फायली आपल्या होम फोल्डरमधून उचलून वेबच्या फोल्डरमध्ये टाकल्या, परमिशन सगळ्या बरोबर, तरी ब्राउझरमध्ये फॉरबिडन. कारण फाईल मूव्ह केली की तिचं एसईलिनक्सचं लेबल, म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं तिला हात लावायचा हे ठरवणारी खूण, जुनंच राहतं. ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी डिनाइड, म्हणजे एसईलिनक्सनं अडवलं, असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि लेबल दुरुस्त करणारी रिस्टोअरकॉनची एक कमांड मारली की काम होतं. पण नेटवर शोधलं की आधी काय सापडतं, तर एसईलिनक्स बंद करा! त्या पोराचाही दोष नाही, सकाळी ऑपरेटर ड्रॉइंगसाठी खोळंबलेत आणि त्याला कुणी हे शिकवलेलंच नाही, तो बंद करणारच. मी नवीन ठिकाणी गेलो की आधी तेच बघतो आणि बऱ्याच वेळा ते बंदच सापडतं.

स्टिगचं पण तसंच. अमेरिकन संरक्षण खात्याची डिसा नावाची एजन्सी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी (ओएस), डेटाबेससाठी, राउटरसाठी कुठली सेटिंग कशी ठेवायची याची स्टिग नावाची मोठी यादी काढते, ती फुकट आहे, कुणीही डाउनलोड करावी, इतकं बारीक काम दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं. आता त्यातलं 15 मिनिटांनी स्क्रीन लॉक, 15 अक्षरी पासवर्ड, तीनदा चुकला की खातं लॉक, हे शॉप फ्लोअरवर लावून बघा. जॉबची सायकल 40 मिनिटांची, ऑपरेटरच्या हातात ग्लोव्हज, कूलंटचे डाग सगळीकडे, दर वेळी 15 अक्षरं टाइप करणार कोण? आठवड्याभरात पासवर्ड मार्करनं मॉनिटरच्या कडेवर लिहिलेला दिसतो. छावणीत हुकूम चालतो, चोवीस तास लॉग बघायला माणसं असतात, नियम मोडला तर विचारणारा वरिष्ठ असतो. वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये यातलं काहीच नसतं. टूल फुकट मिळतं हो, पण ते सांभाळणारा माणूस कुठून आणायचा?

घिद्राबद्दल मात्र चांगलंच बोलेन. मार्च 2019 मध्ये एनएसएनं ते बाहेर काढलं, एखादा प्रोग्राम उलटा उलगडून आत काय चाललंय ते वाचायचं टूल. त्याआधी असलं काम करायचं तर बहुतेक वेळा महागडं लायसन्स लागायचं, आता कॉलेजची मुलं लॅपटॉपवर मालवेअर उलगडून बसतात. आल्या आल्या त्यात भोक सापडलं, डिबग मोडमध्ये चालवलं की 18001 नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, सगळ्या नेटवर्कला उघडा राहायचा, पण हजार डोळ्यांसमोर ठेवलं म्हणूनच ते लगेच पकडलं गेलं ना.

आणि जे डोळ्यांसमोर ठेवलं नाही त्याचा मला खरंच राग आहे. इटर्नलब्लू. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं, म्हणजे एसएमबी व्हर्जन वनमधलं भोक एनएसएला माहीत होतं, त्यांनी ते मायक्रोसॉफ्टला सांगायच्या ऐवजी हत्यार म्हणून स्वतःजवळ ठेवलं. 2017 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचा पॅच आला, एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या हॅकर टोळीनं ते हत्यार नेटवर टाकलं, मेमध्ये तेच वापरून वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या मालवेअरनं ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलं अडवली, आणि जूनमध्ये तेच वापरणारा नॉटपेट्या थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आला, जेएनपीटी बंदरामधल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम अडकलं. भांडण कुणाचं, भोगलं कुणी! आमच्याकडे सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, शेजारी अजून जुन्या विंडोज एक्सपीवाली पीसी उभी आहेत, कारण मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही, आणि प्रोग्राम पाठवायला तोच जुना एसएमबी शेअर. कुठलं मिलिटरी ग्रेड अँटिव्हायरस त्यावर चढवणार तुम्ही?

आपल्या संरक्षण मंत्रालयानंही 2023 मध्ये उबुंटूवर आधारलेली माया ओएस आणि सोबत चक्रव्यूह नावाचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आणलं, चांगलंच झालं, पण ते त्यांच्या कॉम्प्युटर्ससाठी. त्यांना माल पुरवणाऱ्या साखळीतल्या शेवटच्या वर्कशॉपला त्याचा काय उपयोग? मला वाटतं स्टिगसारखी एक यादी इथल्यासाठी हवी, मराठीत, सीएनसीवाला पीसी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली, आणि सीडॅकसारखी सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था पुण्यातच असताना हे अवघड नसावं.

तोवर मी काय करतो ते सांगतो. एक्सपीवाली मशीन्स वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये, त्यांना इंटरनेट नाही, बाकी सगळीकडे एसएमबी वन बंद. स्टिगमधले फक्त कॅटेगरी वनचे, म्हणजे सगळ्यात गंभीर, मुद्दे आधी, तेही एका टेस्ट मशीनवर लावून, बॅकअप घेऊन. एसईलिनक्स बंद असेल तर आधी पर्मिसिव्हवर, म्हणजे अडवायचं नाही, फक्त लॉगमध्ये नोंदवायचं, असं टाकायचं, सगळ्या फायलींना नव्यानं लेबलं लावून घ्यायची, पंधरा दिवस लॉग वाचायचे, मगच एन्फोर्सिंग, म्हणजे खरोखर अडवायला लावायचं. आणि ऑपरेटरला दर वेळी पासवर्ड टाइप करायला लावण्यापेक्षा कार्ड रीडर द्यायचा, त्याचा खर्च मालकाच्या गळी उतरवायला जरा वेळ लागतो एवढंच.