तुम्ही विचारलंत म्हणून: खोटं आकाश कशाला?

“वर खरं आकाश फुकट असताना तिकीट काढून खोटं कशाला बघायचं?” तारांगणात निवेदन करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत हाच प्रश्न. विचारणारे मुंबईकर! काळोख्या माळावर नुसत्या डोळ्यांनी अडीच-तीन हजार तारे दिसतात. तुमच्या गच्चीवरून किती दिसतात ते मोजा, पावसाळ्यात तेही सोडा. कुठलं फुकट आकाश म्हणताय?

शिवाय ही हौस माझ्या एकटीची नाही. जॉर्डनच्या वाळवंटात, कुसैर अम्रा नावाच्या महालाच्या हमामखान्यात, आठव्या शतकात कुणीतरी घुमटाच्या आतून तारकासमूह रंगवले. बाहेर वाळवंटाचं लख्ख आकाश होतंच की! १९२३ साली झाइस या जर्मन कंपनीच्या यंत्राने म्युनिकला घुमटावर तारे पाडले, त्यात गतीची भर पडली. अख्खी रात्र काही मिनिटांत.

हे सगळं मी फार ठसक्यात सांगायचे. मग सह्याद्रीतल्या एका आश्रमशाळेची सहल आली. दिवे मंदावून तारे उजळले की प्रेक्षकांतून “आऽऽ” उठतोच. त्या दिवशी काहीच नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. “किती तारे आहेत बघा!” म्हटलं, तर अंधारातून एक पोरगा, “रोजच्याएवढेच हायेत.” प्रकाशाचा बाण सप्तर्षींवर नेला, तर सगळे ओरडले, “म्हातारीची बाज! ते तीन चोर!” बाज कशी चोरतात ते त्यांनीच मला सांगितलं, माझी संहिता तशीच राहिली. त्यांच्या बाई गप्प बसा, गप्प बसा म्हणत होत्या. शेवटी एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे लुकलुकत का नाहीत?”

लुकलुकणं हवेमुळे, इथे प्रकाश वातावरणातून येत नाही, असं मी सांगितलं. उत्तर बरोबर होतं. पण पुढचा सगळा शो मला ते तारे भिंतीला ठोकल्यासारखे दिसत राहिले.

कॉलेजात असताना वांगणीच्या माळावर रात्री काढणारी मी तेव्हा तिथे असते, तर म्हणाले असते, घुमट बंद करा, पोरांना माळावर न्या. तिला मी म्हणते, ने ना. पण आपल्याकडे १९ अंशांवर असलेला ध्रुव विषुववृत्तावर क्षितिजाला टेकतो, ते माळावर उभं राहून दाखव. अभिजित तारा ध्रुवाच्या जागी येईल ती बारा हजार वर्षांनंतरची रात्र दाखव.

नव्या डिजिटल यंत्रात लुकलुकणं चालू-बंद करता येतं. त्यावरून आमच्यात वाद आहे. मी सध्या बंदच्या बाजूची आहे.