शुक्रवार पेठेतलं तळघर

आण्णांनी माझ्यापुढं कोटेशन टाकलं. तळघरातली ओल थांबवायला चारी भिंतींना आतून केमिकल कोटिंग, एक लाख चाळीस हजार. "पेन्शनीतनं कसं भागवायचं ह्ये, मिस्त्री?"

घर कोल्हापुरातलं, जुनं, काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. तळघरात पूर्वी धान्य असायचं, आता पोराच्या दुकानाच्या मालाची खोकी. परसाकडच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं येणारा पांढरा खार, लागलेला. मागं कधीतरी कुणीतरी वरून सिमेंटचा गिलावा मारलेला. टिचकी मारली की पोकळ वाजत होता. चुन्याच्या भिंतीला सिमेंटनं झाकलं की आतली ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, नाहीतर गिलावाच फुगवून पाडते.

मी आधी काहीच फोडलं नाही. दोन भिंतींवर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं डकवला आणि दुसऱ्या दिवशी गेलो. रस्त्याकडच्या भिंतीवर कागद खोलीच्या बाजूनं ओला, मागं भिंत कोरडी. म्हणजे तो नुसता हवेतला दमटपणा. पावसात "जरा हवा लागू दे" म्हणून काकू दिवसभर झरोके उघडे ठेवत होत्या, आणि ती ओलसर हवा थंड दगडावर पाणी होऊन बसत होती. परसाकडं मात्र कागदाच्या मागं पाणी. ते जमिनीतलं.

तेवढ्यात सर आली. मी छत्री घेऊन परसात जाऊन उभा राहिलो. (पाझराचं काम उन्हाळ्यात बघायला बोलावतात लोक! तेव्हा काय दिसणार?) पन्हळीचा पाइप कमरेइतक्या उंचीवर तुटलेला, सगळी धार भिंतीच्या पायात. त्यात शहाबादी फरशी खचून घराकडंच कललेली. छप्पर साधारण 60 चौरस मीटरचं. 50 मिलिमीटर पाऊस झाला की 3000 लिटर पाणी, आणि त्यातलं निम्मं तरी त्या एका कोपऱ्यात मुरत होतं.

मग पाइप जोडून गटारीपर्यंत नेला. फरशी उचलून खाली मुरूम ठोकला, मीटरला 5 सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूला दिला. आतला सिमेंटचा गिलावा काढला, दगडांमधल्या फटी चुन्यानं भरल्या.

"दिवाळीपर्यंत भिंत अशीच उघडी?" सूनबाईंनी विचारलं.

"अशीच. रंग तर अजिबात नको."

एक कोपरा राहिला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकली की तिथं जमिनीतूनच पाणी उमलायचं. त्यावर कसलाही लेप टिकत नाही. बाहेर मीटरभर उंच पाणी साचलं तर कोब्याला, म्हणजे तळघराच्या जमिनीला, खालून चौरस मीटरमागं टनभर रेटा बसतो. म्हणून पाणी अडवायचं सोडून त्याला जागा करून दिली. कोपऱ्यात खड्डा, त्यात भोकं पाडलेला ड्रम, भोवती खडी, आणि पाणी चढलं की फ्लोटवर चालू होणारा छोटा पंप. एक गोष्ट बजावून सांगितली: 2019 सारखा पूर येऊन तळघर भरलंच, तर घाईनं एका दमात उपसू नका. बाहेरची माती भिजलेली असते, आतलं पाणी गेलं की भिंत आत येऊ शकते. थोडं थोडं काढा.

सगळं मिळून कोटेशनच्या पाव हिश्श्यातही खर्च गेला नाही.

"त्यांनी पाच वर्षांची गॅरंटी दिलीया. तुमचं काय?" आण्णा म्हणाले.

"परसातल्या पाण्याची देतो. नदीची कशी देऊ?"

आण्णा हसले. मग पंपाचं बटण कुठं बसवायचं यावर वाद झाला. त्यांना ते पंपाजवळ हवं होतं. मी वर जिन्याच्या तोंडाशी बसवलं.