तीन नंबरची सीट फ्रेममध्ये बसली!

मंडळी, बसली एकदाची! जेवणाच्या टेबलाच्या सहा जुन्या खुर्च्यांच्या सीटना मी घरीच नवा फोम आणि कापड लावतोय, त्यातली ही. काल रात्री साडेदहाला तीन नंबरची सीट टप्पकन फ्रेममध्ये उतरली, आणि मी दहा मिनिटं नुसता तिच्यावर बसून होतो.

मागच्या वेळी सांगितलं होतं की 40 डेन्सिटीचा दोन इंची फोम फेविकॉल एसआर 998 या गोंदाने सीटच्या प्लायला चिकटवलाय, आता कापड ओढायचं तेवढं बाकी. कापड मस्त ताणलं गेलं, वाटलं झालं काम, पण सीट फ्रेममध्ये जाईचना. एक कोपरा दाबला की समोरचा वर. बायकोला म्हटलं जरा जोर लावून बस, तर सांध्यातून करकर आवाज आला. तिथंच थांबलो, सासऱ्यांनी सुतार घरी बसवून करून घेतलेल्या सागवानी खुर्च्या आहेत, सांधा उघडला तर जीवाला लागेल.

आधी पावसावर संशय होता, लाकूड फुगलं असेल म्हणून. पण अजून फोम न लावलेला चार नंबरचा प्लाय ठेवून बघितला तर आरामात जातो, चारी बाजूंनी जेमतेम दोन एमएम फट. म्हणजे दोष कापडाचा. जुनं रेक्झिन पातळ होतं, हे सोफ्याचं जाड कापड, आणि कोपऱ्यावर माझ्या तीन-तीन घड्या एकावर एक बसलेल्या.

मग कोपरे उसवले. कापडाचं टोक आधी तिरकं खाली ओढून स्टेपल गनने पिन मारली, आतलं जास्तीचं कापड कात्रीने काढून टाकलं आणि दोन्ही बाजूंना एकेकच चुणी ठेवली, हातोडीने हलकेच चेपली. प्लायचे कोपरे कानशीने थोडे गोल केले. एवढ्यानं बसली!

पिनांचं सांगायचं तर नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात "सहा एमएम पुरते" म्हणाले, अजिबात घेऊ नका, जाड घडीतून प्लायला धरतच नाही. आठ एमएम घ्या, हाताच्या गनने अर्धी वर राहिली तर हातोडी मारा. आणि कोपऱ्यांना सरळ चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोका, जुने कारागीर चुकाच वापरायचे ते उगीच नाही.

आता एक आणि दोन नंबरचे फक्त कोपरे उसवायचे. उरलेल्या तीन तशाच करणार होतो, पण हे लिहिताना सुचलं की आधी मांजरपाटाचं अस्तर ओढून फोम त्यानेच दाबून घ्यावा, म्हणजे वरचं कापड जिवापाड ओढावं लागणार नाही आणि फोम कडेवरून बाहेरही येणार नाही. मांजरपाट पातळच असतं. आणि फोम चिकटवायच्या आधीच प्लायच्या कडा रंध्याने दीड एमएम उतरवतो. उद्या चार नंबरवर करून बघतो.

गौरी जेवणाला सहाही खुर्च्या टेबलाला लागल्या पाहिजेत. सातपूर-अंबडकडे कुणाला हवेच्या दाबावर चालणारी स्टेपल गन एक दिवस भाड्याने मिळाली असेल तर सांगा, मनगट पार गेलंय.